आधी हवेची वाट, मग यंत्र

एप्रिल उजाडला की आपल्या मराठवाड्यात दोन वाक्यं घरोघरी ऐकू येतात. पहिलं, 'यंदा ऊन लईच आहे.' दुसरं, 'यंदा मोठा कूलर घेऊन टाकू.' पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. ऊन आहेच. आक्षेप आहे तो दुसऱ्या वाक्याला, आणि त्यातही 'मोठा' या शब्दाला.

यंत्र विकत मिळतं. दुकानात जा, पैसे मोजा, टेम्पोत टाका, घरी आणा. हवेची वाट मात्र विकत मिळत नाही, ती आखावी लागते. हवा कुठून येणार, कुठून फिरणार आणि कुठून बाहेर जाणार, हे तीन प्रश्न विचारायला एक रुपयाही लागत नाही. बहुधा म्हणूनच ते कुणी विचारत नाही! घरी नाही, गावात नाही, आणि खेदानं म्हणावं लागतं, इंजिनिअरिंग कॉलेजातही नाही. आधी यंत्राची ऑर्डर जाते आणि मग खोलीत त्याला जागा शोधली जाते. हा क्रम उलटा केला पाहिजे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

सुरुवात जरा लांबून करते. थंड देशांतल्या पुष्कळ घरांत आपल्या कूलरच्या बरोबर उलटं यंत्र असतं. त्याला इलेक्ट्रिक फर्नेस म्हणतात, म्हणजे विजेची भट्टी. भट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जालन्याच्या स्टील कारखान्यातलं वितळलेलं लोखंड येतं. ही भट्टी तशी नाही. तळघरात किंवा कपाटाएवढ्या जागेत उभी केलेली ही पत्र्याची पेटी असते. आत हीटिंग कॉइल आणि एक ब्लोअर. ब्लोअर घरातली हवा ओढतो, कॉइलवरून नेतो आणि पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत सोडतो. आत्या, मामा अमेरिका-कॅनडात असलेल्यांनी जमिनीतल्या जाळीतून येणारी गरम हवा अनुभवली असेल.

आता गंमत बघा. विजेच्या हीटरमध्ये गेलेल्या सगळ्या विजेची उष्णताच होते. त्या बाबतीत स्वस्त आणि महाग भट्टीत फारसा फरक नाही. फरक पडतो तो हवेमुळे. १० किलोवॅटची भट्टी असेल आणि तिच्यातून जाणारी हवा २५ अंशांनी तापवायची असेल, तर मिनिटाला साधारण ७०० घनफूट हवा तिच्यातून गेलीच पाहिजे. थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या युनिटमधलं सूत्र आहे, कुणीही करून बघावं. डक्ट अरुंद केला, दोन काटकोनी वळणं जास्त घातली, किंवा हवा परत येण्याच्या जाळीपुढे कुणी सोफा सरकवला, तर हवा कमी पडते. हवा कमी पडली की कॉइल तापते, आणि तापली की आतला लिमिट स्विच भट्टी बंद करतो. थोड्या वेळानं चालू, पुन्हा बंद. घरचा माणूस म्हणतो, 'भट्टी लहान पडली, मोठी आणू.' मोठी आणली की ती त्याच डक्टवर आणखी लवकर बंद पडते! म्हणून तिकडच्या व्यवसायात आधी घराला किती उष्णता लागते याचा हिशेब, मग डक्टचा नकाशा, अशी रीतच घालून दिलेली आहे. अमेरिकेतल्या कंत्राटदारांच्या संघटनेनं त्यासाठी 'मॅन्युअल जे' आणि 'मॅन्युअल डी' अशी पुस्तकंच काढली आहेत.

मला त्या भट्टीचा एक गुण फार आवडतो. ती बोलते. हवेची वाट चुकली की ती बंद पडून सांगते. आपला कूलर बिचारा काहीच बोलत नाही. वाट चुकली तरी पंखा फिरत राहतो, पंप चालत राहतो, पाणी संपत राहतं. खोली फक्त दमट होत जाते आणि आपण म्हणतो, 'कूलर काही कामाचा नाही.'

हे मी पुस्तकातून बोलत नाही. माझं गाव इस्लापूर, तालुका किनवट. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा बघायला येणाऱ्यांना हे नाव माहीत असतं. उन्हाळ्यात मात्र इकडे कुणी फिरकत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. गावात एक अभ्यासिका आहे. अभ्यासिका म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पत्र्याची खोली, प्लायवूडच्या फळ्या टाकून केलेले खण, भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा, आणि सकाळी सहापासून खाली माना घालून बसलेली तीसेक पोरं-पोरी. कुणी पोलीस भरती, कुणी तलाठी, कुणी एमपीएससी, कुणी नीट. यातल्या बहुतेकांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही. त्यामुळे मे महिन्यात दुपारी बारा ते पाच ही खोली बसण्यालायक राहते की नाही, यावर त्यांचे दिवसाचे पाच तास ठरतात. दोन महिन्यांचे मोजले तर तीनशे तास होतात. भरतीची जागा एकेका मार्कानं जाते, हे लक्षात घ्या.

या अभ्यासिकेत एक मोठा कूलर होताच. समोरच्या खिडकीत बसवलेला. पहिल्या दोन रांगांतल्या पोरांच्या वह्या उडायच्या आणि मागची रांग भाजायची. मागची रांग म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला लागून, मुलींची. गार वारा पुढच्यांना आणि तापलेली भिंत मुलींना, अशी ही वाटणी कुणी ठरवून केलेली नव्हती. हवेची वाट आखली नाही की अशी वाटणी आपोआप होते. वर्गणी काढून आणखी एक मोठा कूलर घ्यायचा आणि त्याला पत्र्याचा डक्ट जोडायचा, असा बेत ठरला आणि मेकॅनिकलची पोरगी म्हणून मला बोलावणं आलं.

डक्ट करणारे मिस्त्री हाताचे पक्के. पण मी म्हटलं, 'काका, आधी मागच्या भिंतीच्या दोन खिडक्या उघडू.' त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी घागरीला भोक पाडायला सांगतेय.

'ताई, गार हवा बाहेर सोडायची तर मग कूलर कशाला लावायलोत?'

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या होस्टेलमध्येही निम्म्या खोल्यांत हाच विचार करून कूलर आत ठेवून खिडकी बंद करतात. म्हणून उत्तर नीट देते.

एक रिकामी बाटली तोंडाला लावून फुंकून बघा. फुंकर आत जात नाही, गालावर परत येते. बंद खोलीत कूलरचा पंखा हेच करत असतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला जागा नाही, म्हणून बाहेरची आत येत नाही. हे झालं एक. दुसरं जास्त महत्त्वाचं. कूलर गारवा तयार करत नाही, तो पाण्याची वाफ करतो. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते, आणि हवा गार होते. मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरली तर वेट बल्ब तापमान साधारण २४ अंश येतं. चांगलं पॅड या अठरा अंशांच्या अंतरापैकी ८० टक्के अंतर कापतं, म्हणजे कूलरमधून २७-२८ अंशांची हवा मिळते. पण याच हवेची आर्द्रता आता ७० टक्क्यांच्या आसपास गेलेली असते. तिचं काम झालं. खोलीतली उष्णता उचलून तिनं बाहेर पडायचं. तिलाच कोंडून पुन्हा पुन्हा पॅडवरून फिरवलं तर दुसऱ्या फेरीला तिला पाण्याची तहानच उरत नाही. मग उरतो तो चिकचिकाट.

इथे भट्टी आणि कूलर यांच्यातला फरक कळतो. भट्टीची हवा घरात परत आणायची असते, कूलरची हवा बाहेर घालवायची असते. नियम मात्र एकच. वाटेला दोन टोकं असतात, आणि आपण एकाच टोकाला पैसे लावतो.

आता आकडे. खोली ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच, म्हणजे ६००० घनफूट. कूलरच्या खोलीतली हवा दर दोन मिनिटांनी बदलावी असा ढोबळ नियम धरला तर ३००० सीएफएम लागतात. बाहेर जाणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला ५०० फूट ठेवला तर ६ चौरस फूट उघडी जागा हवी. म्हणजे कूलरच्या समोरच्या बाजूला, उंचावर, प्रत्येकी ३ चौरस फुटांच्या दोन खिडक्या. झालं! यासाठी ना सॉफ्टवेअर लागतं ना सल्लागार.

डक्टचंही तसंच. त्यात हवेचा वेग मिनिटाला १००० फूट धरला तर ३ चौरस फुटांचा छेद लागतो, म्हणजे १८ इंच बाय २४ इंच. पत्रा वाचवायला तो निम्मा केला तर वेग दुप्पट होतो आणि दाबाचं नुकसान जवळपास चौपट. वर घोंघाट वेगळा, अन् तोही अभ्यासिकेत! शिवाय साध्या कूलरचा पात्यांचा पंखा डक्टमध्ये हवा ढकलायला बनलेलाच नसतो. डक्ट जोडायचा तर ब्लोअरवाला कूलरच हवा. साध्या कूलरच्या तोंडाला लांब डक्ट जोडून 'सेंट्रल कूलिंग' केलेल्या जागा तुम्हीही पाहिल्या असतील. त्या डक्टच्या शेवटच्या जाळीपुढे हात धरून बघा. वारा नाही, फक्त आवाज येतो.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते छताबद्दल. दुपारी उघडा पत्रा ६० अंशांपर्यंत तापला तर त्याच्यातून खोलीत चौरस मीटरला सुमारे १५० वॅट उष्णता उतरते, असं धरून बघा. ६०० चौरस फुटांच्या पत्र्याचे झाले जवळजवळ साडेआठ किलोवॅट. म्हणजे त्या परदेशी घरातली एक भट्टीच आपण डोक्यावर फुकट चालू ठेवली आहे! तीस माणसांच्या अंगाची उष्णता आणखी सव्वादोन किलोवॅट. ३००० सीएफएमची २८ अंशांची हवा एवढी उष्णता उचलते तेव्हा खोली ३५ अंशांवर स्थिरावते. आता पत्र्याला पांढरा चुना मारला आणि वरून येणारी उष्णता निम्मी झाली असं समजू. तोच कूलर, तोच ब्लोअर, तेवढीच वीज, आणि खोली ३२ अंशांवर. हिशेब ढोबळ आहे, पण तीन अंशांचा फरक चुन्याच्या दोन बादल्या करतात. इस्लापूरहून हाकेच्या अंतरावर असलेल्या तेलंगणानं २०२३ साली थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. आपण अजून छतावर पाणी शिंपडतोय.

पाण्यावरून आठवलं. वरच्या हिशेबातला कूलर तासाला ३०-३५ लिटर पाण्याची वाफ करतो. आठ तासांचे अडीचशे लिटरच्या वर. हे पाणी हवेत जातं ते परत मिळत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपल्या विभागानं पाहिलेलं आहे. अशा मुलखात 'मोठा कूलर घेऊ' हे वाक्य म्हणजे 'मोठी तहान घेऊ' असंच आहे. पाणी वापरायचंच असेल तर त्याच्या प्रत्येक थेंबाचा गारवा माणसाच्या अंगापर्यंत पोचला पाहिजे. कोंडलेल्या खोलीत तो पोचत नाही.

आपल्या आज्यांना वेट बल्ब माहीत नव्हता, पण वाट माहीत होती. माळवदाच्या घराला वर साणं असायचं. उजेड आत यायचा, धूर आणि तापलेली हवा वर निघून जायची. किनवटच्या जंगलपट्ट्यातल्या कुडाच्या भिंतीतून वारा खेळायचा. पण जुनं ते सोनं असा माझा सूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड माळवदांखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर दगडमातीच्या छताची भीती बसली आणि पत्रा जवळचा वाटू लागला. ते समजण्यासारखं आहे. जड छत गेलं हे चांगलंच झालं, पण त्याच्याबरोबर साणंही गेलं, आणि त्याची आठवण कुणी ठेवली नाही. हलकं छत आणि हवेची वाट एकत्र नांदू शकतात. ते जमवणं हेच तर इंजिनिअरचं काम आहे!

कुणी म्हणेल, एवढं कशाला, एसी लावा. लावा की. पण वरच्या उष्णतेला तीन टनांहून जास्त एसी लागेल, बाहेरची हवा धरली तर आणखी. बिल कोण भरणार? आणि बंद खोलीत तीस जण आठ तास बसले तर ताज्या हवेचं काय? तिथंही प्रश्न पुन्हा वाटेवरच येतो. कूलरचीही मर्यादा मान्य करते. जुलैत हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असताना तो फार तर तीन अंश उतरवेल. तेव्हा पंप बंद, नुसता वारा घ्यायचा. प्रत्येक ऋतूत एकच बटण दाबणं याला वापर म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र वादाच्या पलीकडची आहे. लोखंडी कूलर, पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते. पाणी भरताना प्लग काढा. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल.

अभ्यासिकेत शेवटी असं झालं. आधी पत्र्याला चुना. मग मागच्या भिंतीत वर दोन खिडक्या, जाळी लावून. मग ब्लोअरवाला कूलर आणि डक्ट, त्याला चार जाळ्या, त्यातल्या दोन मुलींच्या रांगेवर. मिस्त्रीकाकांना पटवायला सूत्र उपयोगी पडलं नाही, उदबत्ती पडली. कूलर चालू करून खिडकी फटीपुरती उघडली आणि फटीपाशी उदबत्ती धरली. धूर झपकन बाहेर ओढला गेला. खिडकी सताड उघडली तसा मागच्या रांगेत पहिल्यांदा वह्यांची पानं हलली. काका म्हणाले, 'म्हणजे ती जायलीय म्हणून ही यायलीय.' कंटिन्युइटी इक्वेशन इतक्या थोडक्यात मला कुठल्याच सरांनी सांगितलेलं नाही!

आता आपल्याकडे वळते. होस्टेलच्या खोल्या, मेस, रीडिंग रूम, वर्कशॉप. प्रत्येक ठिकाणी पंखे आहेत, कूलर आहेत, एक्झॉस्ट आहेत. पण हवेचा नकाशा एकाही ठिकाणी नाही. मेसमध्ये एक्झॉस्ट पंखा चालू असतो आणि त्याच्या शेजारचीच खिडकी उघडी असते. तो पंखा त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकत बसतो, आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशी चुलीपाशी भाजत राहतात. इतकं साधं आहे हे.

लॅबमधलं अॅनिमोमीटर फक्त व्हायवाच्या दिवशी कपाटाबाहेर येतं. ते महिनाभर होस्टेलला द्या. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी प्रत्येक मजल्याची हवा मोजावी, एका कागदावर बाण काढावेत. आत येणारे निळे, बाहेर जाणारे लाल. लाल बाण नसलेल्या खोलीला नवा कूलर मंजूर करू नये. हा नियम उद्यापासून लागू करता येईल. स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना विनंती, की हे प्रोजेक्ट म्हणून मान्य करा. दर वर्षी तेच तेच मॉडेल थर्माकोलवर उभं करण्यापेक्षा ते बरं. आणि हे मार्कांपुरतं ठेवू नका. आपल्यातले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या इस्लापुरातून आलेत. सुट्टीत घरी जाताना सोबत मोजपट्टी न्या, उदबत्ती तर घरात असतेच. शाळेच्या खोलीत, दवाखान्याच्या वॉर्डात, अंगणवाडीत धरून बघा. धूर जागच्या जागी घुटमळला, तर तिथं यंत्राच्या आधी काय लागणार आहे ते तुम्हाला कळेल, आणि ते सांगणारं त्या गावात बहुधा दुसरं कुणी नसेल.